घड्याळात ११८: नागपुरातल्या एका टेलरकाकांचं प्रकरण

नागपुरातल्या एका लहान मधुमेह दवाखान्यात मी समुपदेशक आहे. न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळाचं पुढचं प्रकरण रुग्णाच्या आणि घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधं, आकडे आणि चुका मात्र जशा होत्या तशाच ठेवल्या आहेत. त्यातली एक चूक माझी आहे.

पार्श्वभूमी

काकाजींचं वय ५९. महालातल्या एका गल्लीत खाली टेलरिंगचं दुकान, वर घर. काकू, ते आणि दुकानात एक विशीतला कारागीर. मुलगी सक्करदऱ्याला दिलेली, मुलगा पुण्यात नोकरीला. मधुमेह ११ वर्षांपासून. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी, दोन वर्षांपासून रात्री झोपताना दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन. फेब्रुवारीत एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ८.४ आलं होतं. तीन महिन्यांच्या सरासरीत मांडलं तर साखर १९४च्या आसपास.

आम्ही त्यांना आठवड्यातून तीनदा उपाशीपोटी आणि एकदा जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर तपासायला सांगितलं होतं, वहीही दिली होती. वहीत पहिल्या दोन आठवड्यांच्या नोंदी होत्या, पुढे कोरी पानं. आमच्या फाइलमध्ये त्यावर एकच ओळ होती: ‘घरी तपासणी टाळतात.’

का टाळतात, हे आम्हाला मे महिन्यात कळलं. पण सगळं तिथूनच सुरू झालं, म्हणून इथेच सांगते. काकाजी लग्नाचे सदरे आणि शेरवान्या शिवतात, बहुतेक कापड पांढरं नाही तर मोतिया. आम्ही दाखवल्याप्रमाणे ते उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाला टोचत. त्याच बोटात ते अंगुस्तान घालतात. दिवसभर सुई रेटताना ते टोक ठसठसायचं, आणि जानेवारीत एकदा एका नवरदेवाच्या सदऱ्यावर मोहरीएवढा लाल ठिपका पडला. तो धुऊन निघाला, पण काकाजींची झोप उडाली. ‘बोटाले टोचलं का दिवसभर दुखते जी. अन् डाग राहिला असता तर कापड भरून कोण देईन?’ त्यात एका पट्टीचे पंधरा-वीस रुपये. तेव्हापासून मीटर कपाटात गेला.

काकूंनी हे फोनवर मुलाला सांगितलं. त्याने ऑनलाइन शोधलं आणि मार्चमध्ये बाबांसाठी घड्याळ पाठवलं. जाहिरातीत होतं, ‘सुई नाही, रक्त नाही, मनगटावर शुगर.’

अडचण कशी वाढत गेली

घड्याळात शुगर असा पर्याय होता. बटण दाबायचं, अर्धा मिनिट हात स्थिर ठेवायचा, मागचा हिरवा दिवा लुकलुकायचा आणि आकडा यायचा. पहिल्या दिवशी आला ६.५.

इथे पहिला गैरसमज झाला. घड्याळ परदेशी पद्धतीच्या एककात, मिलिमोलमध्ये आकडा दाखवत होतं. त्याला १८ने गुणलं की आपल्याकडचा मिलिग्रॅममधला आकडा येतो, म्हणजे ११७. घरात मात्र साडेसहा हा आकडा फक्त एचबीए१सीशी जोडलेला होता. गेल्या खेपेला ८.४, आता ६.५. काकूंनी मुलीला फोन करून सांगितलं की बाबांची तीन महिन्यांची शुगर कंट्रोलमध्ये आली. त्या रविवारी घरी संत्रा बर्फी आली.

दुसरा गैरसमज माझा. मार्चअखेर काकाजी भेटीला आले. घरची शुगर किती असते, असं विचारलं तर त्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर तारखा, वेळा आणि सरळ चाललेली निळी रेघ होती. बाहेर चौदा माणसं बसली होती. मुलाने दंडाला लावायचा सेन्सर घेऊन दिला असेल, असं मी गृहीत धरलं, मनातल्या मनात १८ने गुणलं आणि फाइलमध्ये लिहिलं: ‘घरची साखर ११५ ते १२५, स्थिर.’ कशाने मोजली, हे विचारलं नाही. डॉक्टरांनी ती ओळ वाचली आणि औषधं आहेत तशी ठेवली. दुपारचं जेवण कितीला होतं, हे विचारायचं त्या ओळीमुळे राहून गेलं, असं मला वाटतं. स्थिर साखर असलेल्या माणसाला आम्ही जेवणाची वेळ खोदून विचारत नाही.

ती फाइल नंतर उघडली तेव्हा त्याच पानावर वर फेब्रुवारीचं ८.४ दिसत होतं. ८.४ म्हणजे सरासरी १९४. घड्याळाची सरासरी १२० खरी असती तर एचबीए१सी ५.८च्या आसपास हवं होतं. औषधात काहीही बदल नसताना एवढी उडी पाच-सहा आठवड्यांत सहसा होत नाही. चार बोटांच्या अंतरावरचे दोन आकडे एकमेकांना खोटं पाडत होते आणि आम्हा दोघांच्याही नजरेतून ते सुटलं.

एप्रिलमध्ये मुलगा आला तेव्हा त्याने ॲपमध्ये एकक बदलून मिलिग्रॅम केलं. आता घड्याळ ११०, ११८, १२२ असे ओळखीचे आकडे दाखवू लागलं आणि विश्वास आणखी पक्का झाला. लग्नाच्या पंगतीत जेवून आल्यावरही १२४. काकूंनी दोन-तीनदा विचारलं, ‘एवढं गोड खाल्लं तरी कशी नाही वाढत?’ त्या घरातला सगळ्यात योग्य प्रश्न तोच होता. औषध लागू पडलं, असं उत्तर त्यावर मिळालं.

मे महिन्यातली दुपार

लग्नसराईचा शेवटचा जोर होता, पारा ४५च्या घरात. सकाळी साडेनऊला अर्धी प्लेट पोहे आणि गोळी. एक शेरवानी संध्याकाळी द्यायची होती, म्हणून काकाजींनी जेवणाचं ‘येतो, येतो’ म्हणत तीन वाजवले.

चारच्या सुमारास सुईत दोरा जाईना. चष्मा पुसला, दोरा ओला करून पुन्हा टोक केलं, तरी जाईना. मग दोरा कारागिराकडे फेकला. हे कारागिराला खटकलं. सहा वर्षांत काकाजींनी सुई दुसऱ्याला ओवायला दिलेली त्याने पाहिली नव्हती. पाच मिनिटांत ते त्याच्यावर ओरडले, मग बोलणं जड झालं, सदरा घामाने पाठीला चिकटला.

पोरगा हुशार. त्याला शुगरची शंका आली, म्हणून त्याने काकाजींचा हात धरून घड्याळाचं बटण दाबलं. आकडा आला ११८. ‘शुगर तर बरोबर हाय, ऊन लागलं वाटते,’ म्हणून त्याने त्यांना कूलरसमोर आडवं केलं, डोक्यावर ओला दुपट्टा ठेवला, साधं पाणी पाजलं. वीसेक मिनिटं त्यात गेली. नागपूरच्या मे महिन्यात घाम, चिडचिड आणि चक्कर म्हणजे ऊन, असंच कुणालाही वाटेल. साखर उतरल्याची लक्षणंही हीच असतात.

काकू ताट घेऊन खाली आल्या. त्यांनी काकाजींच्या कपाळाला हात लावला, तर ते थंड होतं. ऊन लागलेलं अंग तापतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्या घड्याळाकडे बघायला थांबल्या नाहीत. वर जाऊन पेल्यात तीन चमचे साखर ढवळून आणली आणि घोटघोट पाजली. काकाजी शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून हे चाललं. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मग त्यांनी कपाटातला मीटर काढला. साखर पाजल्यानंतर दहा मिनिटांनी आकडा होता ५८. आधी तो किती खाली गेला होता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पट्ट्यांची मुदत सुदैवाने संपलेली नव्हती. पुन्हा पंधरा मिनिटांनी ९१.

तेव्हा त्यांनी दवाखान्यात फोन केला. ९१ झाली, आता घरीच राहू का, असं त्यांचं विचारणं होतं. डॉक्टरांनी लगेच बोलावलं. ग्लिमेपिराइडचा असर गोळी घेतल्यावर बराच काळ चालतो, आणि एकदा वर आलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. तसंच झालं. रात्री आठला ६६. रात्रभर त्यांना देखरेखीखाली ठेवलं.

घड्याळ नेमकं काय मोजत होतं

मुलगा दुसऱ्या दिवशी पुण्याहून आला. ‘बाबांना टोचावं लागू नये म्हणून मी पाठवलं,’ एवढंच तो बोलू शकला. त्याला आम्ही दोष दिला नाही. जाहिरातीवर विश्वास ठेवणारा तो एकटा नाही.

त्याच्यासमोर आम्ही तीन मोजण्या केल्या. उपाशीपोटी मीटरवर १६२, घड्याळात ११२. नाश्त्यानंतर दोन तासांनी मीटरवर २४८, घड्याळात १२१. तिसरी मोजणी संध्याकाळी मुलीने दुकानात केली. तिने घड्याळ पांढऱ्या पॉपलिनच्या गुंडाळीला बांधलं. अर्ध्या मिनिटात कापडाची शुगर आली ११३, नाडी ७४. तिने त्याचा फोटो काढून पाठवला. मी आता तो नव्या रुग्णांना दाखवते.

मनगटावरचा हिरवा दिवा नाडीसाठी असतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला त्वचेखालचं रक्त कमी-जास्त होतं, तसा परत येणारा उजेड बदलतो आणि त्यावरून ठोके मोजता येतात. साखरेचं गणित याहून फार अवघड आहे. साखर १०० असते तेव्हा एका लिटर रक्तात १ ग्रॅम ग्लुकोज असतं. मोठ्या माणसाच्या अंगात ५ लिटर रक्त धरलं तर सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा साखर. साखर २०० झाली की दुसरा चमचा. अख्ख्या अंगभर पसरलेला हा एक चमचा वरून उजेड टाकून ओळखायचा आहे. मध्ये पाणी आहे, रक्ताचा लाल रंग आहे, चरबी, घाम, त्वचेचा वर्ण आणि तापमान आहे. अवरक्त उजेडात ग्लुकोजची खूण उमटते खरी, पण ती पुसट असते आणि पाण्याची खूण तिच्यावर चढून बसते. जगभरच्या प्रयोगशाळा यावर अनेक वर्षं काम करत आहेत, आणि माझ्या काकाजींसारख्या रुग्णांसाठी ते काम तडीस जावं असं मला मनापासून वाटतं.

याआधी एक मनगटी यंत्र अमेरिकेत मंजूरही झालं होतं. २००१ साली आलेलं ग्लुकोवॉच विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने त्वचेतून द्रव ओढून त्यातली साखर मोजायचं. तरीही मेळ घालायला बोट टोचावंच लागायचं, आणि त्वचेला जळजळ व्हायची. ते बाजारात टिकलं नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध आणि वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेने, स्पष्ट इशारा दिला: त्वचा न टोचता साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, अशी उपकरणं वापरू नका. काही घड्याळं दंडावरच्या मान्यताप्राप्त सेन्सरचा आकडा नुसता पडद्यावर दाखवतात. ती गोष्ट वेगळी, तिथे मोजणी सेन्सर करतो.

घरच्या ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ हे मानक आहे. त्याच्या २०१३च्या आवृत्तीनुसार १००च्या खाली १५ मिलिग्रॅम आणि १०० किंवा त्यावर १५ टक्के, एवढ्याच फरकात १००पैकी ९५ मोजण्या बसायला हव्यात. घड्याळाच्या डब्यावर अशी एकही ओळ नव्हती. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर मात्र तांदळाच्या कणीएवढ्या अक्षरांत होतं की हे वैद्यकीय उपकरण नाही.

समोर असलेले पर्याय

मुलाचं पहिलं म्हणणं होतं की स्वस्तातलं घेतलं म्हणून फसलो, महागडं घड्याळ घेऊ. हा पर्याय लगेच बाद झाला, कारण किंमत वाढवून मिळेल अशी मान्य वस्तूच नाही.

दुसरा पर्याय पुन्हा ग्लुकोमीटरचा. तो स्वस्त आणि खात्रीचा, पण काकाजींनी तो एकदा सोडला होता आणि सोडण्याचं कारण तसंच होतं.

तिसरा, दंडावरचा सीजीएम, म्हणजे साखर सतत मोजणारा सेन्सर. मुलगा म्हणाला, यात सुई नाही ना? थोडी आहे. लावताना सुमारे ५ मिलिमीटरचा केसासारखा तंतू कातडीखाली जातो आणि १४ दिवस तिथेच राहतो. तो पेशींमधल्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. साखर झरझर उतरत असताना हे अंतर महत्त्वाचं ठरतं. एका सेन्सरला त्यांना पाच हजारांच्या आसपास पडले असते, महिन्याला दोन. टेलरिंगच्या कमाईत ते कायमचं परवडणारं नव्हतं.

चौथा प्रश्न औषधाचा होता, आणि डॉक्टरांच्या मते तोच पहिला. ज्या माणसाचं जेवण कामाच्या हातात आहे, त्याला जेवण चुकलं की साखर पाडणारी गोळी का द्यायची?

काय केलं

ग्लिमेपिराइड बंद केलं. मेटफॉर्मिनसोबत सिटाग्लिप्टिन सुरू केलं, कारण ते एकटं असताना साखर सहसा फार खाली पाडत नाही. जुलै २०२२मध्ये त्याचं पेटंट संपल्यापासून ते भारतात बरंच स्वस्तही झालं आहे. रात्रीचं इन्सुलिन चालू राहिलं, म्हणून धोका शून्य झालेला नाही, हे काकूंना वेगळं सांगितलं.

सेन्सर एकदाच, १४ दिवसांसाठी लावायचा ठरला. कात्री उजव्या हाताची, म्हणून डाव्या दंडाला. घामाने नवव्या दिवशी कड सुटली, वरून चिकटपट्टी लावून तो कसाबसा बाराव्या दिवसापर्यंत टिकला. तेवढ्यात जे दिसलं ते वर्षभराच्या वहीत दिसलं नसतं. तर्री-पोह्यानंतर साखर २७०पर्यंत जायची. दुपारी जेवण अडीचच्या पुढे गेलं की रेघ खाली वळायची. एका रात्री तीनला सेन्सरने ६१ दाखवलं. काकू घाबरून उठल्या, बोट टोचलं तर १०४. काकाजी डाव्या कुशीवर, सेन्सरवरच झोपले होते. दाब पडला की हा सेन्सर खोटा कमी आकडा देतो. त्या रात्री मीटर उशाशी होता, म्हणून दोन चमचे साखर उगाच पोटात गेली नाही.

आणि बोटांचं. मी काकाजींना म्हटलं, शिवताना हात कसे धरता ते दाखवा. त्यांनी टेबलावरचा माझा रुमाल घेतला आणि काठ दुमडून टाके घालून दाखवले. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी सुईवर, मधलं बोट अंगुस्तानात. डाव्या हाताची तीन बोटं कापडावर. दोन्ही हातांच्या अनामिका मोकळ्या! आता ते अनामिकेच्या कडेला टोचतात. टोकापेक्षा तिथे दुखतंही कमी. दुकान उघडण्याआधी वर घरीच, आणि मग मिनिटभर कापूस दाबून धरतात.

दुकानात बटणांच्या डब्याशेजारी साखरेचा डबा आला. कारागिराला शिकवलं: काकाजी घामाघूम झाले, ओरडले किंवा सुई दुसऱ्याला दिली, की आधी साखर, मग मोजणी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी.

घड्याळाचे पैसे विक्रेत्याने बऱ्याच कटकटीनंतर परत केले. मुलाने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. उपकरणामुळे झालेला अपाय कळवण्यासाठी भारतात २०१५पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, तिथे डॉक्टरांनी फॉर्म भरून पाठवला.

वेगळं काय करता आलं असतं

कारागिराने चुकीचं काही केलं नाही. त्याला शंका योग्य आली होती. त्याच्या हाती घड्याळ नसतं तर शंका टिकली असती आणि साखर वीस मिनिटं आधी मिळाली असती. आकडा आणि माणूस यांचा मेळ बसत नसेल तर माणसावर विश्वास ठेवायचा, हे त्याला आधी कुणी शिकवलं नव्हतं. ते काम आमचं होतं. ११ वर्षं मधुमेह असलेल्या, ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिन दोन्ही घेणाऱ्या माणसासोबत दिवसाचे दहा तास कोण असतं, हे आम्ही विचारलंच नव्हतं. आम्ही फक्त काकूंना शिकवत राहिलो.

जानेवारीत ‘घरी तपासणी टाळतात’ लिहिण्याऐवजी ‘कुठल्या बोटाला टोचता?’ एवढं विचारलं असतं तर बहुधा घड्याळ घरात आलंच नसतं. आणि मार्चमधली ती ओळ. आता आमच्या फाइलमध्ये घरच्या साखरेच्या रकान्याशेजारी नवा रकाना आहे: कशाने मोजली? मी यंत्र किंवा त्याचा फोटो प्रत्यक्ष बघते आणि मगच आकडा लिहिते. पहिल्याच महिन्यात आणखी दोन घड्याळं आणि एक अंगठी निघाली.

सद्यस्थिती

सप्टेंबरमध्ये एचबीए१सी ७.६ आलं. मेनंतर साखर ७०च्या खाली गेल्याची नोंद नाही. वही नियमित आहे, पानांवर कुठे कुठे खडूची पूड.

दिवाळीच्या ऑर्डरी आता सुरू झाल्या आहेत. गेल्या आठवड्यात वहीत दुपारच्या दोन नोंदी दिसल्या, ७४ आणि ७२, आणि समोर काकूंच्या अक्षरात ‘जेवण तीनला’. रात्रीचं इन्सुलिन दोन युनिटने कमी करायचं की डबा दीडला खाली पाठवायचा, यावर गुरुवारी बोलायचं आहे. काकाजींना मी कारागिरालाही सोबत आणायला सांगितलं आहे.